ख्रिस्ती आणि नास्तिक यांच्यातील वाद कसा वाचावा

ख्रिस्ती विचारवंत आणि नास्तिक विचारवंत यांच्यातील वादाला ‘श्रद्धा विरुद्ध बुद्धी’ असे नाव दिले की वाद ऐकण्याआधीच त्याचा निकाल लागतो. एकाच्या पदरात भावना टाकायची, दुसऱ्याच्या पदरात तर्क, आणि मग आपापल्या स्वभावाप्रमाणे बाजू धरून बसायचे. प्रत्यक्षात या परंपरेतील जे वाद वाचण्याजोगे आहेत त्यांत दोन्ही पक्ष बुद्धीनेच बोलतात. दोघेही व्याख्या करतात, आक्षेप घेतात, उदाहरणे देतात, आणि मग एका विशिष्ट पायरीवर त्यांच्या वाटा फुटतात. ती पायरी कोणती, तिथे प्रत्येकाने कोणते गृहीतक हातात धरले आणि त्यासाठी काय सोडून दिले, हे सांगता आले तर वाद समजला असे मी मानतो. ही पायरी कशी शोधायची, हा या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी एकच वाद समोर ठेवतो. २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीच्या ‘थर्ड प्रोग्रॅम’ या नभोवाणी सेवेवर बर्ट्रांड रसेल आणि फ्रेडरिक कोपलस्टन यांचा ईश्वराच्या अस्तित्वावरील संवाद प्रसारित झाला. रसेल तेव्हा ७५ वर्षांचे होते. गणिती तर्कशास्त्रातील त्यांचे काम जगन्मान्य होते आणि धर्मावरील टीकेमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते. कोपलस्टन ४० वर्षांचे होते. त्यांनी अठराव्या वर्षी कॅथलिक पंथ स्वीकारला होता, पुढे ते जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू झाले आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे अनेक खंड त्यांनी लिहिले. त्यांतील पहिला खंड १९४६ मध्येच बाहेर पडला होता. या संवादाची संहिता छापून उपलब्ध आहे आणि ती एका बैठकीत वाचून होते. पेन्सिल हाती घेऊन ती दोनदा वाचावी: पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा थांबत थांबत.

कोणता वाद वाचायला घ्यावा

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार केले आहेत: सत्य ठरवण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ समोरच्याचे मोडण्यासाठी होते ती वितंडा. अलीकडच्या काळात सभागृहात भरणाऱ्या ख्रिस्ती-नास्तिक सामन्यांत प्रत्येक वक्त्याला ठरावीक मिनिटे मिळतात, काही ठिकाणी शेवटी श्रोत्यांचे मतदानही घेतले जाते, आणि या रचनेमुळे चांगले वक्तेसुद्धा जल्पाकडे ओढले जातात. एका बाजूने तीन मिनिटांत पाच मुद्दे टाकायचे आणि दुसऱ्या बाजूने त्यांतील दोनच उचलले की उरलेले तीन ‘अनुत्तरित’ राहिले अशी घोषणा करायची, ही त्यातील नेहमीची चाल आहे. असे सामने पाहू नयेत असे माझे म्हणणे नाही, पण शिकण्याची सुरुवात त्यांनी करू नये. जिथे दोन माणसे एकमेकांना मध्येच थांबवून ‘तुम्ही या शब्दाचा अर्थ काय घेता’ असे विचारू शकतात, तो संवाद आधी घ्यावा. १९४८ च्या संवादात हे वारंवार घडते, आणि दोघांपैकी एकही जण दुसऱ्याला मूर्ख ठरवण्याच्या भानगडीत पडत नाही.

मराठी वाचकाने आणखी एक खबरदारी घ्यावी. आपल्याकडे श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांवर मोठी, मोलाची चर्चा झालेली आहे, आणि २०१३ मध्ये महाराष्ट्रात झालेला जादूटोणाविरोधी कायदा हे तिचे ठोस फळ आहे. त्या चर्चेचा रोख मात्र आचरणावर आणि फसवणुकीवर होता: कोण कोणाला लुबाडतो, कोणाच्या जिवाला धोका होतो, कोणत्या दाव्याची प्रत्यक्ष चाचणी घेता येते. रसेल आणि कोपलस्टन यांच्यापुढचा प्रश्न चाचणीने सुटणारा नाही, आणि तिथली मोजपट्टी इथे जशीच्या तशी लावली तर कोपलस्टन यांचा युक्तिवाद भोंदूपणासारखा दिसू लागेल, जो तो मुळीच नाही.

व्याख्या आधी लिहून घ्याव्यात

वाद वाचताना वहीच्या पहिल्या पानावर दोन शब्दांचे अर्थ लिहावेत, आणि ते अर्थ वादकांनी स्वतः दिलेले असावेत. पहिला शब्द ईश्वर. कोपलस्टन अगदी सुरुवातीलाच सांगतात की ईश्वर म्हणजे जगाहून वेगळे असलेले, जगाचे निर्माते असलेले, व्यक्तिरूप असे सर्वोच्च अस्तित्व. आणि ही व्याख्या तात्पुरती मान्य आहे का, असे ते रसेल यांना विचारतात. रसेल ती मान्य करतात. मग कोपलस्टन दुसरा प्रश्न विचारतात: ईश्वर नाही हे सिद्ध करता येते असे तुमचे म्हणणे आहे, की तुम्ही अज्ञेयवादी, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारे, आहात? रसेल आपली भूमिका अज्ञेयवादाची असल्याचे सांगतात. पहिल्या काही ओळींत झालेल्या या देवाणघेवाणीमुळे पुढचा बराच गोंधळ टळला आहे. अद्वैतातील ब्रह्म, निसर्गाचे नियम, किंवा ‘विश्वातील ऊर्जा’ असे मोघम काहीतरी यांपैकी कशावरही हा वाद नाही, हे वाचकाने इथेच नोंदवून ठेवावे. आपल्याकडचे पुष्कळ वाद याच ठिकाणी घसरतात.

दुसरा शब्द श्रद्धा. ख्रिस्ती परंपरेत या शब्दाचे एकच रूप नाही, आणि समोरचा ख्रिस्ती कोणत्या रूपावर उभा आहे हे कळल्याशिवाय त्याला दिलेले उत्तर त्याला लागत नाही. कॅथलिक भूमिका अशी की ईश्वर आहे एवढे मनुष्याच्या नैसर्गिक बुद्धीला सृष्टीवरून निश्चितपणे कळू शकते. १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने हे अधिकृत शिकवण म्हणून मांडले. मात्र त्रैक्य (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) किंवा देवाने मानवी देह धारण केला यांसारख्या गोष्टी बुद्धीने सिद्ध होत नाहीत, त्या प्रकटीकरणातून, म्हणजे देवाने स्वतः कळवल्यामुळे, मिळतात, असा भेद तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट केला होता. म्हणजे कोपलस्टन नभोवाणीवर बोलत होते तेव्हा ते आपल्या श्रद्धेचा पुरावा देत नव्हते. श्रद्धेच्या उंबरठ्यापर्यंत बुद्धी जाते, एवढेच दाखवत होते. याच्या उलट टोकाला प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट आहेत. बुद्धीने ईश्वराकडे जाण्याचा कोणताही रस्ता आहे, ही कल्पनाच त्यांना अमान्य होती, आणि १९३४ मध्ये एमिल ब्रुनर यांना त्यांनी दिलेल्या उत्तराचे शीर्षकच ‘नाही!’ असे होते. बार्ट यांचा अनुयायी समोर असेल आणि नास्तिकाने ईश्वर आहे हे दाखवणारे अक्वायनस यांचे पाच मार्ग एकेक करून मोडले, तर तो अनुयायी शांतपणे मान डोलावेल.

इथेच अवतरणांबाबतही सावध राहावे. ‘हे अतर्क्य आहे म्हणून मी त्यावर विश्वास ठेवतो’ असे वाक्य तिसऱ्या शतकातील लेखक टर्टुलियन यांच्या नावावर सर्रास खपवले जाते, आणि ख्रिस्ती माणूस बुद्धीला तिलांजली देतो याचा पुरावा म्हणून नास्तिक ते फेकतात. त्या रूपात ते वाक्य त्यांच्या लिखाणात सापडत नाही. त्याच्या जवळपासचे विधान देवपुत्राच्या मरणासंबंधी आहे, आणि ते ज्या प्रकरणात येते तिथे टर्टुलियन चांगलाच तर्क लढवत असतात. वाद जिंकण्यासाठी वापरलेले एखादे चटकदार वचन मुळात कुठे आणि कोणत्या संदर्भात आले आहे, हे पाहिल्याखेरीज वहीत उतरवू नये.

पुराव्याचा भार कोणावर, हे ठरवण्याची घाई करू नये

‘आहे म्हणणाऱ्याने सिद्ध करावे’ हे सूत्र न्यायालयात चालते, आणि बहुतेक नास्तिक ते इथेही लावतात. त्यामागे एक गंभीर नैतिक विचार आहे. डब्ल्यू. के. क्लिफर्ड या गणितज्ञाने १८७७ मध्ये एका जहाजमालकाचे उदाहरण दिले: जहाज जुने झाले आहे अशी शंका त्याला येते, पण तो ती दाबून टाकतो, जहाज सुरक्षित आहे असा प्रामाणिक विश्वास मनात तयार करतो आणि देशांतर करणाऱ्या कुटुंबांना घेऊन ते समुद्रात पाठवतो. क्लिफर्ड म्हणतात, जहाज बुडाले तर तो दोषी आहेच, पण ते सुखरूप पोहोचले असते तरी तो तितकाच दोषी ठरला असता, कारण त्या विश्वासाचा त्याला अधिकारच नव्हता. १८९६ मध्ये विल्यम जेम्स यांनी याला उत्तर दिले. त्यांच्या मते काही प्रश्न असे असतात की पुराव्याने त्यांचा निकाल लागत नाही, निर्णय पुढेही ढकलता येत नाही आणि त्यावर फार मोठे काही अवलंबून असते. अशा वेळी ‘पुरावा मिळेपर्यंत थांबतो’ हाही एक निर्णयच ठरतो, आणि त्याचीही जोखीम असते.

मला क्लिफर्ड यांचे उदाहरण अधिक भिडते, कारण जहाजमालकाच्या विश्वासाची किंमत दुसऱ्यांनी चुकवली. तरीही वाचकाने हे लक्षात घ्यावे की पुराव्याचा भार कोणावर, हा प्रश्न वादाच्या बाहेर उभा राहून पंचाने सोडवण्याचा नाही. तो वादाचाच भाग आहे, आणि ज्याने तो गुपचूप आपल्या बाजूने सोडवून घेतला त्याने अर्धा वाद न बोलता खिशात घातला.

वाट फुटते ती जागा

आता मुख्य काम. संवादाच्या पहिल्या आणि सर्वात मोठ्या भागात कोपलस्टन जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स यांच्या धर्तीचा युक्तिवाद मांडतात. तो पायऱ्यापायऱ्यांनी लिहून काढावा. जगात अशा वस्तू आहेत की त्यांच्या अस्तित्वाचे कारण त्यांच्या स्वतःमध्ये नाही. मी माझ्या आईवडिलांमुळे आहे, आणि आत्ता हवा, अन्न इत्यादींमुळे टिकून आहे. जग म्हणजे अशा वस्तूंचाच एकत्रित समुच्चय. त्याहून वेगळे ‘जग’ नावाचे काही नाही. म्हणून या समुच्चयाच्या अस्तित्वाचे कारण त्याच्या बाहेर असले पाहिजे. ते कारणही परावलंबी असेल तर प्रश्न तसाच राहतो. म्हणून शेवटी असे काही मानावे लागते की ज्याच्या अस्तित्वाचे कारण त्याच्या स्वतःमध्येच आहे, जे नसणे शक्यच नाही.

हे लिहून झाले की रसेल यांचा जुना, प्रसिद्ध आक्षेप बाजूला ठेवून पाहावा. १९२७ मध्ये बॅटर्सी येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितले होते की अठराव्या वर्षी जॉन स्टुअर्ट मिल यांचे आत्मचरित्र वाचताना त्यांना एक वाक्य भेटले: ‘मला कोणी निर्माण केले’ याला उत्तर नाही, कारण त्यातून लगेच ‘देवाला कोणी निर्माण केले’ हा पुढचा प्रश्न निघतो, आणि तेव्हापासून आदिकारणाचा युक्तिवाद त्यांनी सोडून दिला. (आगरकरांची बुद्धिवादी दृष्टी घडवणाऱ्या लेखकांत हेच मिल होते, त्यामुळे हा आक्षेप आपल्याकडेही कानावर पडलेला असतो.) पण कोपलस्टन यांचा पहिला सिद्धांत ‘प्रत्येक गोष्टीला कारण असते’ असा नाहीच. ज्याचे कारण स्वतःमध्ये नाही त्याला बाहेरचे कारण लागते, एवढेच ते म्हणतात. त्यामुळे मिल यांचा बाण इथे बाजूने निघून जातो. आक्षेप प्रसिद्ध आहे म्हणून तो प्रत्येक युक्तिवादाला लागू पडेल असे नसते, आणि चांगल्या वाचकाने ही तपासणी दोन्ही बाजूंसाठी करावी.

रसेल यांनी दुसरे दार निवडले. ‘अनिवार्य’ हा शब्द वस्तूला लावताच येत नाही, तो केवळ विधानांना लावता येतो, आणि तोही नाकारले असता विसंगती निर्माण होईल अशाच विधानांना, असे ते म्हणतात. यावर दोघांची बरीच तांत्रिक चकमक होते, आणि पहिल्या वाचनात ती थोडी कंटाळवाणी वाटली तरी पुढे चालत राहावे, कारण खरी वाट नंतर फुटते, आणि ती एका आगकाडीवर फुटते. पुरेसे स्पष्टीकरण कशाला म्हणायचे, असा विषय निघतो, तेव्हा रसेल म्हणतात: समजा मी आगकाडी पेटवली, मी ती पेटीवर घासली हे ज्योतीचे पुरेसे स्पष्टीकरण नाही का? कोपलस्टन उत्तर देतात की व्यवहारापुरते ते पुरेसे आहे, पण तात्त्विकदृष्ट्या ते अपुरे आहे. पुरेसे स्पष्टीकरण अखेर संपूर्ण असले पाहिजे, त्यात भर घालण्यासारखे काहीच उरता कामा नये. रसेल म्हणतात, तर मग तुम्ही असे काही शोधत आहात की जे मिळू शकत नाही आणि जे मिळेल अशी अपेक्षाही धरू नये. कोपलस्टन म्हणतात, ते सापडले नाही असे म्हणणे वेगळे, आणि ते शोधूच नये असे म्हणणे वेगळे; दुसरे मला हटवादी वाटते.

या चार वाक्यांच्या समासात खूण करावी. त्याआधीचे बरेचसे याकडे येणारे आहे आणि त्यानंतरचे बरेचसे यातून निघणारे. रसेल पुढे मांडतात ते आईचे उदाहरण: प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असली पाहिजे असे ठरत नाही, त्याचप्रमाणे विश्वातील प्रत्येक गोष्टीला कारण असले तरी समग्र विश्वाला कारण असेल असे नाही, विश्व फक्त आहे. कोपलस्टन यांचा मुद्दा असा की कितीही चॉकलेटे एकत्र केली, अगदी अनंत केली, तरी चॉकलेटेच मिळतील, मेंढी मिळणार नाही. परावलंबी वस्तूंची मालिका अनंत असली तरी ती परावलंबीच राहील. शेवटी कोपलस्टन बुद्धिबळाची उपमा देतात: जो पटावर बसून चाल करायलाच तयार नाही, त्याला मात देता येणार नाही. हे ऐकून पुष्कळ ख्रिस्ती वाचक आनंदतात, आणि पुष्कळ नास्तिक चिडतात. दोघांनीही थोडे थांबावे. रसेल यांचे म्हणणे असे आहे की हा पट आहे हेच सिद्ध झालेले नाही. म्हणजे दोघांचा वाद उत्तरावर राहिलेलाच नाही. एक प्रश्न विचारणे वैध आहे की नाही, यावर तो आला आहे.

ज्याची त्याची किंमत

वाट फुटल्याची जागा सापडल्यावर वाचक बहुधा आपल्या मताच्या माणसाबरोबर पुढे निघून जातो. तसे करू नये. तिथेच उभे राहून दोन्ही बाजूंचा हिशेब करावा.

कोपलस्टन यांना मानावे लागते की जे जे आहे त्या सर्वाला संपूर्ण कारण आहे. मग प्रश्न येतो: ईश्वराने हे जग का निर्माण केले? निर्माण करण्याचे कारण अटळ असेल तर जगही अटळ ठरते, आणि ‘जग परावलंबी आहे, ते नसू शकले असते’ ही पहिली पायरीच डळमळते. उलट ईश्वराने मोकळ्या इच्छेने निर्माण केले, वेगळेही केले असते, असे म्हटले तर ‘मग हेच का’ याचे संपूर्ण कारण राहून जाते. या पेचातून सुटण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि त्यांतील काही चांगले आहेत, पण पेच खरा आहे. दुसरी गोष्ट अशी की हा युक्तिवाद पूर्ण मान्य केला तरी हाती येते ते एक अनिवार्य अस्तित्व. त्याच्यापासून गालीलातल्या येशूपर्यंत पोहोचायला आणखी लांबचा रस्ता आहे, आणि तो इतिहास, साक्ष आणि अखेरीस श्रद्धा यांतून जातो. कोपलस्टन यांनी हे अंतर लपवलेले नाही, त्यांचे नाव घेणारे कधीकधी लपवतात.

रसेल यांना मानावे लागते की स्पष्टीकरणाची मागणी एका सीमेपर्यंत योग्य आणि त्यापलीकडे निरर्थक आहे. ती सीमा कुठे आखायची आणि का? आगकाडीबद्दल ‘का’ विचारायचे, ताऱ्यांबद्दल विचारायचे, आणि सगळ्याबद्दल मात्र विचारायचे नाही, याला स्वतंत्र कारण हवे. त्यांचे उत्तर असे की शास्त्रज्ञ कारणे शोधतो म्हणजे सर्वत्र कारण असलेच पाहिजे असे तो गृहीत धरत नाही. सोने शोधणाऱ्याला सर्वत्र सोने आहे असे मानावे लागत नाही. पुंजभौतिकीतील काही घटनांना कारण नसल्याचाही ते दाखला देतात, आणि कोपलस्टन लगेच म्हणतात की सर्व भौतिकशास्त्रज्ञ तो तसा लावत नाहीत. माझ्या मते सोन्याचे उत्तर या संवादातील रसेल यांचे सर्वांत भक्कम उत्तर आहे आणि त्याकडे फार कमी लोक पाहतात. बहुतेकांच्या लक्षात राहते ती मानवजातीची आई.

अनुभव आणि नीती हे भाग वेगळ्या निकषाने वाचावेत

उरलेल्या संवादात दोन विषय येतात आणि तिथे पुराव्याची जातच बदलते. धार्मिक अनुभवाबद्दल बोलताना कोपलस्टन प्रथमच स्पष्ट करतात की ही काटेकोर सिद्धता नाही. काही अनुभवांचे सर्वांत चांगले स्पष्टीकरण ईश्वर आहे, एवढाच त्यांचा दावा आहे. दावा एवढाच असताना ‘हे सिद्ध होत नाही’ असे उत्तर देणे म्हणजे न केलेल्या दाव्याचे खंडन. रसेल ही चूक करत नाहीत. ते म्हणतात, खोलीत घड्याळ असेल तर सगळ्यांना दिसते, आणि म्हणूनच तो भास नाही असे आपण धरतो. हे अनुभव मात्र खासगी असतात. कोपलस्टन जीवनात घडलेल्या पालटाकडे बोट दाखवतात, तर रसेल प्लुटार्कने लिहिलेले स्पार्टाचा कायदेकर्ता लायकर्गस याचे चरित्र पुढे करतात: तो माणूस कदाचित कधी झालाच नसेल, तरी त्याचे चरित्र वाचून एखादा तरुण खरोखर थोर होऊ शकतो. चांगला परिणाम हा सत्यतेचा पुरावा नव्हे. हा मुद्दा वाचकाने दोन्हीकडे वापरावा, कारण धर्मामुळे झालेली युद्धे मोजून ईश्वराचे नसणे दाखवणाराही परिणामावरूनच सत्य काढत असतो.

नीतीच्या भागात मात्र मला रसेल अडखळलेले दिसतात. चांगले आणि वाईट मी कसे ओळखतो, तर निळे आणि पिवळे ओळखतो तसे, असे ते म्हणतात. कोपलस्टन बेल्सन येथील नाझी छळछावणीच्या प्रमुखाचे नाव काढतात. युद्ध संपून तीन वर्षेही झाली नव्हती, आणि ऐकणाऱ्यांना ते नाव समजावून सांगावे लागत नव्हते. त्या प्रमुखाला आपले कृत्य चांगले वाटत असेल तर? रसेल काविळीच्या रोग्याचे उदाहरण देतात, ज्याला सगळे पिवळे दिसते, पण तो चुकतो आहे हे ठरवायला त्यांच्याकडे इतरांच्या सहमतीपलीकडे फारसे काही नाही. याचा अर्थ कोपलस्टन जिंकले असा नव्हे. ईश्वराशिवाय नीतीचा पाया घालणारे भक्कम विचार आहेत, ते रसेल यांनी त्या दिवशी वापरले नाहीत. एखादी बाजू एका वक्त्याच्या तोंडी कमकुवत दिसली म्हणजे ती बाजूच कमकुवत, असे धरू नये.

दुःखाच्या प्रश्नाला या संवादात स्वतंत्र जागा नाही, आणि ही उणीव वाचकाने इतरत्र भरून काढावी. जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये सर्वशक्तिमान, सर्वथा चांगला ईश्वर आणि दुःख यांचे एकत्र असणे तर्कविसंगत असल्याचे मांडले. अल्विन प्लॅन्टिंगा यांनी १९७० च्या दशकात स्वतंत्र इच्छेच्या आधारे त्याला उत्तर दिले. आणि १९७९ मध्ये विल्यम रो यांनी वणव्यात होरपळून दिवसेंदिवस तडफडणाऱ्या, कोणाच्याही दृष्टीस न पडलेल्या हरणाच्या पाडसाचे उदाहरण देऊन विचारले की या वेदनेतून कोणाचे काय भले झाले. या क्रमाने वाचले की आक्षेप ‘विसंगती’कडून ‘संभवनीयते’कडे कसा सरकला ते दिसते.

स्वतः वादात बसताना

आपल्या परंपरेत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धांत मांडत नाहीत, आणि हा नियम इथे अक्षरशः पाळावा. समोरच्याचा युक्तिवाद आपल्या शब्दांत सांगावा आणि ‘तुमचे म्हणणे हेच ना’ असे विचारावे; त्याने होकार देईपर्यंत आपला आक्षेप काढू नये. ख्रिस्ती मित्राशी बोलताना ‘तुम्ही लोक’ म्हणून सर्व पंथांना एका गाठोड्यात बांधू नये, आणि नास्तिकाशी बोलताना त्याच्या आयुष्यात काहीतरी दुखावले असेल म्हणून तो असा झाला, असा निष्कर्ष काढू नये. कारण सांगणाऱ्या माणसाला रोगनिदान सांगणे हा अपमान आहे.

सर्वांत अवघड काम म्हणजे आपल्याच बाजूचा दुबळा युक्तिवाद तपासणे. याचे उत्तम उदाहरण रसेल-कोपलस्टन संवादानंतर अवघ्या पाच दिवसांनी, २ फेब्रुवारी १९४८ रोजी, ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबमध्ये घडले. सी. एस. लुईस हे तेव्हा इंग्लंडमधील ख्रिस्ती श्रद्धेचे सर्वांत लोकप्रिय समर्थक होते, आणि क्लबचे अध्यक्षही तेच होते. केवळ निसर्गच आहे असे मानले तर आपले विचारही अंध कारणांचे परिणाम ठरतात, आणि मग निसर्गवादावरही विश्वास ठेवायला जागा उरत नाही, असा त्यांचा ‘मिरॅकल्स’ या पुस्तकातील युक्तिवाद होता. तो खोडायला उभ्या राहिल्या एलिझाबेथ ॲन्सकम, वय २८, स्वतः निष्ठावान कॅथलिक. त्यांनी दाखवले की एखादा विचार मनात कशामुळे उद्भवला आणि तो कोणत्या आधारावर खरा ठरतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लुईस यांनी त्यांची सरमिसळ केली आहे. निष्कर्ष आपल्या श्रद्धेला सोयीचा आहे म्हणून ॲन्सकम यांनी तो युक्तिवाद न तपासता जाऊ दिला नाही. लुईस यांनी पुढे ते प्रकरण नव्याने लिहिले आणि सुधारित आवृत्ती १९६० मध्ये निघाली. बदललेले प्रकरण पहिल्यापेक्षा भक्कम असल्याचे ॲन्सकम यांनीही नंतर मान्य केले. नास्तिकांच्या गटात बसणाऱ्याने स्वतःच्या गटातील उथळ वाक्यांबाबत हेच करावे.

कोणी बाजू बदलली, याला पुरावा मानू नये. अँटनी फ्लू यांनी १९५० मध्ये याच सॉक्रेटिक क्लबमध्ये विचारले होते की काय घडले म्हणजे तुम्ही ‘देव प्रेमळ आहे’ हे विधान मागे घ्याल. अर्धशतक नास्तिक म्हणून गाजल्यावर २००४ मध्ये त्यांनी एक प्रकारचा ईश्वर मान्य केल्याचे जाहीर झाले, पण तो ख्रिस्ती ईश्वर नव्हता. दोन्ही छावण्यांनी या बातमीवर भांडून घेतले. फ्लू यांच्या मनात काय चालले होते यापेक्षा त्यांचा १९५० चा प्रश्न कितीतरी मोलाचा आहे, आणि वादाला बसण्याआधी तो प्रत्येकाने स्वतःला विचारून उत्तर लिहून ठेवावे: काय दिसले तर मी माझे मत बदलेन?

संवादाचे दुसरे वाचन झाले की दोन जुने उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, कारण १९४८ ची फूट त्यांत आधीच पडलेली आहे. लायब्निट्स १६९७ मध्ये लिहितात: भूमितीचे एक पुस्तक अनादि काळापासून आहे, प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीवरून उतरवलेली आहे, अशी कल्पना करा, कितीही मागे गेलात तरी अशी पुस्तके मुळात का आहेत आणि त्यांत हेच का लिहिले आहे, याचे उत्तर मिळणार नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्या, १७७९ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक संवादांच्या नवव्या भागात एक पात्र म्हणते: वीस कणांपैकी प्रत्येकाचे कारण मी तुम्हाला वेगवेगळे सांगितले, आणि त्यानंतरही तुम्ही विसांच्या समूहाचे कारण विचारू लागलात, तर ते मला अवाजवी वाटेल. पुस्तकाच्या प्रती आणि कण यांच्यात असा कोणता फरक आहे की एका ठिकाणी प्रश्न शिल्लक राहिल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या ठिकाणी संपल्यासारखा, हे पानभर लिहून काढावे, आणि मगच आगकाडीच्या त्या चार वाक्यांशेजारी आपले मत नोंदवावे.